पडद्यावरची अभ्यासिका : व्हर्च्युअल को-वर्किंगला सुरुवात कशी करावी

नागपूरच्या सीताबर्डी, धरमपेठ किंवा नंदनवनात ज्यांनी स्पर्धा परीक्षेची वर्षे काढली आहेत, त्यांना अभ्यासिकेचे गणित समजावून सांगावे लागत नाही. घरी टेबल असते, पंखा असतो, पुस्तकेही तीच असतात. तरीही महिन्याचे पैसे भरून, प्लायवूडच्या आडोशांनी विभागलेल्या हातभर जागेत, अनोळखी मुलामुलींच्या शेजारी जाऊन बसावे लागते, कारण शेजारचा मान खाली घालून वाचत असताना आपल्याला मध्येच उठून जाण्याचा संकोच वाटतो. तिथे कोणी शिकवत नाही आणि कोणी विचारतही नाही. व्हर्च्युअल को-वर्किंग म्हणजे हीच अभ्यासिका, भिंती काढून पडद्यावर मांडलेली. ठरलेल्या वेळी दोघे किंवा अधिक जण व्हिडिओ कॉलवर येतात, या तासात काय करणार ते एका वाक्यात सांगतात, माइक बंद करून आपापले काम करतात आणि शेवटी काय झाले ते सांगून निघून जातात.

मी त्रिमूर्ती नगरातल्या घरातून अनुवादाचे काम करते, आणि माझ्या दिवसातल्या दोन बैठकी गेली काही वर्षे अशा पडद्यावर होतात. पुढची माहिती घरून काम करणाऱ्यांसाठी, छोटा व्यवसाय एकट्याने सांभाळणाऱ्यांसाठी, प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी आणि पुण्या-बंगळुरूच्या कंपनीची नोकरी नागपुरात राहून करणाऱ्यांसाठी आहे. ज्यांना मिहान या विमानतळाजवळच्या उद्योगक्षेत्रात किंवा गायत्री नगरच्या आयटी पार्कात बसायला जागा आहे आणि शेजारी माणसेही आहेत, त्यांना याची गरज बहुधा पडणार नाही.

कोणते काम घेऊन बसावे

शेजारी माणूस असला की हात वेगाने चालतात, हे मानसशास्त्रातले फार जुने निरीक्षण आहे. नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १८९८ साली सायकलस्वारांच्या नोंदी तपासल्या आणि पुढे मुलांना मासेमारीच्या गळाची फिरकी गुंडाळायला लावून तोच प्रश्न प्रयोगात आणला. काही मुलांचा वेग सोबतीने वाढला, तर काही मुले उलट गडबडून मंदावली. या दुहेरी निकालाचा उलगडा रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ साली केला. त्यांचे म्हणणे असे की, दुसऱ्याच्या उपस्थितीने माणूस अधिक उत्तेजित होतो आणि अंगवळणी पडलेली कृती त्यामुळे जोमाने बाहेर येते. हाताखालून गेलेले काम म्हणूनच सोबतीत सुधारते, आणि नवखे, अवघड काम बिघडू शकते.

सुरुवात करणाऱ्याने यातून एक सरळ नियम घ्यावा. पहिले दोन आठवडे बैठकीत तेच काम आणावे जे आपल्याला नीट येते, पण जे आपण टाळतो. दर महिन्याच्या २० तारखेचे जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे विवरणपत्र, ग्राहकांना पाठवायची राहिलेली बिले, प्रबंधाच्या संदर्भांची जुळवाजुळव, मुद्रितशोधन, तुंबलेल्या ईमेलची उत्तरे, ही सगळी कामे कौशल्यापेक्षा बसण्यावाचून अडलेली असतात, आणि बसण्याची अडचण सोबत सोडवते. नवी संगणकभाषा शिकणे किंवा कादंबरीचा पहिला परिच्छेद सुचणे ही कामे सवय मुरल्यावर आणावीत. माझ्यापुरते सांगायचे तर कवितेचा अनुवाद मी आजही दार लावून एकटीच करते.

एकाग्रता टिकवणे ज्यांना जन्मतःच जड जाते, म्हणजे एडीएचडी असलेल्या मंडळींमध्ये, ही युक्ती ‘बॉडी डबलिंग’ या नावाने आधीपासून वापरात आहे. त्यांच्या दृष्टीने नुसते कोणीतरी खोलीत असणे हाच आधार असतो. आपल्याकडे त्यासाठी ‘सोबत’ हा जुना शब्द आहे. मूल गृहपाठ करत असताना आई शेजारी बसून भाजी निवडते, ती सोबत. तीच आई दर पाच मिनिटांनी वहीत डोकावू लागली की तो पहारा होतो. व्हर्च्युअल को-वर्किंगमधल्या बहुतेक बैठकी मोडतात त्या सोबतीचा पहारा झाल्यामुळे किंवा सोबतीच्या गप्पा झाल्यामुळे, आणि पुढचे जवळजवळ सगळे नियम या दोन टोकांपासून बैठक वाचवण्यासाठी आहेत.

सोबती कसा निवडावा

पहिला विचार जिवलग मैत्रिणीचा किंवा मित्राचा येतो, आणि तोच टाळावा. मी सुरुवात केली ती कॉलेजातल्या मैत्रिणीबरोबर; पहिल्या दिवशी आम्ही ५० मिनिटे काम केले, दुसऱ्या दिवशी २० मिनिटे, आणि तिसऱ्या दिवशी तिच्या नणंदेच्या लग्नातल्या जेवणाचा विषय निघाला तो दुपारचा एक वाजेपर्यंत चालला. दोष तिचा नव्हता; जिथे बोलण्यासारखे फार असते तिथे माइक बंद राहत नाही. याउलट जिच्याशी तोंडओळख आहे, जिला दिलेला शब्द मोडताना जरा अवघडल्यासारखे होते, अशी व्यक्ती सर्वांत उत्तम. माझ्या सध्याच्या सोबतीण अमरावतीला घरून इमारतींचे नकाशे काढतात. एका समान ओळखीतून आमची गाठ पडली, दोघीही एकमेकींना ‘ताई’ आणि ‘तुम्ही’ म्हणतो, आणि आजवर आम्ही प्रत्यक्ष भेटलेलो नाही. व्यवसाय वेगळे असल्याचा एक फायदा असा की, एकमेकींच्या कामात सल्ला द्यायची सोयच उरत नाही.

ओळखीत कोणी मिळत नसेल, तर अनोळखी माणसाशी जोडी लावून देणाऱ्या सेवा आहेत. त्यांतली सर्वांत परिचित म्हणजे टेलर जेकबसन यांनी सुरू केलेली फोकसमेट. तिथे २५, ५० किंवा ७५ मिनिटांची वेळ राखून ठेवली की जगातल्या कोणत्या तरी कोपऱ्यातला माणूस तुमच्यासमोर येऊन बसतो, आणि आठवड्यातून तीन बैठकी विनामूल्य मिळतात. बोलणे बहुधा इंग्रजीतून होते, पण लागते ती चार वाक्येच. महिनाभर अशा अनोळखी जोडीदारांबरोबर बसून पाहिले, तर आपल्याला किती मिनिटे झेपतात आणि दिवसाची कोणती वेळ मानवते हे कळते, आणि मग मराठी सोबती शोधणे सोपे जाते. अमेरिकेतल्या भावंडाबरोबर रोजची बैठक ठरवणार असाल, तर तिकडचे घड्याळ मार्चमध्ये एक तास पुढे आणि नोव्हेंबरमध्ये एक तास मागे जाते, हे दिनदर्शिकेत आधीच लिहून ठेवावे.

वेळ, जागा आणि जोडणी

सोबती ठरला की एकच वेळ पक्की करावी आणि ती बदलू नये. ‘उद्या जमेल तेव्हा बसू’ असे ठरवलेली बैठक होत नाही. नागपूरकरांनी वेळ ठरवताना ऋतूचा विचार करावा, कारण मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की दुपारी दोन ते पाच या वेळेत कोणतीही शिस्त टिकत नाही. उन्हाळ्यात मी पहिली बैठक सकाळी साडेसहाला ठेवते आणि हिवाळ्यात नऊला. कूलर ही इथली आणखी एक अडचण. तो खिडकीतच बसवलेला असल्यामुळे खोलीतला उजेडही तोच अडवतो आणि आवाजही तोच करतो. म्हणून बसायची जागा अशी निवडावी की दुसऱ्या खिडकीचा किंवा दाराचा उजेड तोंडावर येईल, आणि कूलर पाठीशी नव्हे तर बाजूला राहील. बोलायची दोन-तीन मिनिटे पंखा बंद करून नुसता पंप चालू ठेवला तरी पुरते. इतवारी-महाल भागात राहणाऱ्यांना मारबतीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मिरवणुकीच्या, दिवशी बैठक ठेवू नका असे वेगळे सांगायला नको.

कॉलसाठी कोणतेही परिचित साधन चालते, मात्र विनामूल्य खात्याची मर्यादा बैठकीच्या लांबीशी जुळवून घ्यावी. झूमच्या विनामूल्य खात्यात कॉल ४० मिनिटांनी तुटतो, त्यामुळे तिथे अर्ध्या तासाची बैठक ठेवावी. गूगल मीटमध्ये तीन किंवा अधिक माणसे असतील तर मर्यादा ६० मिनिटांची आहे आणि दोघांच्या कॉलला ती अडचण येत नाही, म्हणून ५० मिनिटांच्या बैठकीला मीट सोयीचे पडते. गूगल कॅलेंडरमध्ये रोज पुन्हा येणारी नोंद केली की लिंक तीच राहते. रोज सकाळी ‘लिंक पाठवा ना’ या निरोपात जाणारी पाच मिनिटे वाचतात, आणि बैठक टाळायचे एक कारणही कमी होते.

डेटाचा हिशेब आधी करावा. एकास एक व्हिडिओ कॉलला चांगल्या चित्रासाठी दोन्ही दिशांना साधारण ६०० केबीपीएस (सेकंदाला ६०० किलोबिट) लागतात असे धरले, तर जाता-येता मिळून तासाला ५४० एमबी होतात. म्हणजे ५० मिनिटांची एक बैठक ४५० एमबीची, आणि रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर तीन बैठकींत दिवसाचा डेटा संपल्यातच जमा. घरी ब्रॉडबँड नसेल तर मीटच्या सेटिंगमध्ये चित्राची प्रत ३६० पिक्सेलवर आणावी, किंवा पहिली आणि शेवटची पाच मिनिटे कॅमेरा लावून मधला वेळ तो बंद ठेवावा. वीज जाते तेव्हा घरात अंधार होण्यापेक्षा राउटर बंद पडण्याचा त्रास मोठा असतो. इन्व्हर्टर नसेल तर राउटरपुरता मिनी यूपीएस घेऊन ठेवलेला बरा. आम्हा दोघींचा संकेत असा आहे की, कॉल तुटला तर परत जोडायची खटपट करायची नाही, काम चालू ठेवायचे आणि ठरलेल्या वेळी शेवटचे दोन शब्द व्हॉट्सॲपवर लिहायचे.

कॅमेऱ्यासाठी लॅपटॉपऐवजी फोन वापरावा, ही माझी आग्रहाची सूचना आहे. मी फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून टेबलाच्या कडेला उभा करते, त्यात माझा चेहरा आणि हात बाजूने दिसतात, आणि लॅपटॉपचा पूर्ण पडदा कामाला मोकळा राहतो. खरा लाभ असा की, कामाच्या वेळी ज्याला हात लावायचा नाही तो फोनच बैठकीच्या ड्युटीवर अडकलेला असतो. रील पाहायची म्हटली तर तो डब्यापाशी जाऊन उचलावा लागतो आणि समोर ताईंना ते दिसते. इतर सूचनांचे आवाज मात्र ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून बंद करावेत. स्वतःचा चेहरा सतत दिसत राहिला की माणूस केस सावरत बसतो, म्हणून आपले चित्र आपल्यापुरते लपवावे किंवा लहान करावे.

एक बैठक, सुरुवातीपासून शेवटापर्यंत

बैठक ५० मिनिटांची धरू. इटलीच्या फ्रान्सेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या टायमरवरून ‘पोमोदोरो’ पद्धत बसवली, तीत २५ मिनिटे काम आणि ५ मिनिटे विश्रांती असते. नवख्या माणसाने तिथून सुरुवात केली तरी हरकत नाही. मला मात्र २५ मिनिटे अपुरी वाटतात, कारण पानाच्या मध्यावर घंटा वाजते.

बैठकीच्या पाच मिनिटे आधी पाणी, चष्मा, लागणारी फाइल आणि वही टेबलावर आणून ठेवावी. कॉल लागला की नमस्कार होतो, ‘ऊन फार आहे’ एवढे एक वाक्य होते, आणि लगेच दोघांनी आपापले काम सांगावे. सगळी मेख या सांगण्यात आहे. ‘मी अनुवाद करते’ असे सांगितले तर शेवटी काय झाले याचा निवाडा करताच येत नाही, कारण एक ओळ केली तरी अनुवाद केलाच असतो. ‘पान ४१ ते ४४ चा पहिला खर्डा, शब्दकोश न उघडता’ असे सांगितले की ५० मिनिटांनी त्याचे उत्तर हो किंवा नाही एवढेच उरते. ताई सांगतात, ‘दुसऱ्या मजल्याच्या जिन्याचे माप आणि दोन दारे.’ सांगितलेले काम कॉलच्या चॅटमध्ये लिहूनही ठेवावे. बोललेल्या शब्दाला पाठ फिरवता येते, लिहिलेला समोर राहतो. अंदाज नेहमी जास्तच धरला जातो, म्हणून मनात येईल त्यातून तिसरा हिस्सा वजा करून सांगावे.

मग दोघांचे माइक बंद. मधल्या वेळात उठायचे असेल तर चॅटमध्ये ‘पाणी’ किंवा ‘कुरिअर’ असा एक शब्द टाकून उठावे, म्हणजे परत येण्याची आपलीच आपल्याला आठवण राहते. कामाशी संबंध नसलेले काही सुचले, उदाहरणार्थ गॅस नोंदवायचा आहे किंवा बहिणीला फोन करायचा आहे, तर ते शेजारच्या कागदावर उतरवून पुढे जावे. पहिली दहा मिनिटे बहुतेकांना जड जातात. त्या वेळात फक्त खुर्ची सोडायची नाही एवढेच पथ्य पाळावे, काम आपोआप हाताला लागते. सोबती काय करत आहे याकडे टक लावून पाहू नये. पडद्याच्या कडेला त्याची हालचाल जाणवत राहते, तेवढी पुरे.

शेवटी टायमर वाजला की माइक उघडावा आणि जे झाले ते आकड्यात सांगावे. ‘चारपैकी अडीच पाने झाली, मधले कोष्टक नडले.’ यावर सोबत्याने ‘बरं’ म्हणावे. का राहिले, कसे करायला हवे होते, हे विचारू नये आणि धीरही देऊ नये. ऐकायला कोरडे वाटेल, पण ज्या बैठकीत अपुऱ्या कामाचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही तिथेच माणूस खरे सांगतो. एकदा मी पन्नास मिनिटांत एकही ओळ केली नव्हती, कारण वडिलांच्या तपासणीचा रिपोर्ट यायचा होता आणि माझे लक्ष दाराकडे होते. मी ‘शून्य’ म्हणाले. ताई ‘बरं’ म्हणाल्या आणि विचारले, ‘उद्या नऊला?’

वही

बैठकीतले बोलणे हवेत विरून जाऊ नये म्हणून एक साधी वही करावी, रोजच्या जमाखर्चासारखी. डावीकडे तारीख आणि सांगितलेले काम, उजवीकडे झालेले काम. महिन्याने पाने चाळली की कोणते काम सारखे डावीकडेच राहते ते दिसते. माझ्या वहीत एका प्रकाशकाला पाठवायचे थकबाकीचे पत्र सात वेळा डाव्या बाजूला होते. सातव्यांदा ते वाचताना लक्षात आले की, पत्र लिहिणे हे त्यातले काम नव्हतेच. किती रक्कम मागायची हे ठरलेले नव्हते. आठव्या बैठकीत ‘जुनी बिले काढून बेरीज करणे’ एवढेच सांगितले, बेरीज वीस मिनिटांत झाली आणि पत्र त्याच बैठकीत गेले. जे काम तीनदा राहील त्याचे तुकडे करावेत किंवा ते सोडून द्यावे.

दिवसाला किती बैठकी कराव्यात, याबद्दल उत्साही माणसाला आवर घालावा लागतो. पहिल्या आठवड्यात दिवसाआड एक, पुढे रोज एक, आणि फार तर दोन किंवा तीन. पूर्ण दिवस कॅमेऱ्यासमोर बसणे ही वेगळीच शिक्षा आहे.

घर आणि गोपनीयता

घरच्यांना आधी सांगावे. नाहीतर आत्या चहा घेऊन येतात, पडद्यावर अनोळखी बाई दिसली म्हणून त्यांची विचारपूस करतात, आणि ‘तुम्ही अमरावतीच्या कोणत्या भागातल्या?’ इथून सुरू झालेले बोलणे अमरावतीच्या नातेवाइकांपर्यंत जाते. दाराच्या कडीला रुमाल बांधला की बैठक चालू, एवढी खूण आमच्या घरी पुरली. मागची पार्श्वभूमी कोरी भिंत असावी, घरातले इतर कोणी नकळत चित्रात येऊ नये, आणि कामाचा पडदा सोबत्याला दाखवायची गरज नसते, म्हणून दाखवू नये. ग्राहकांची गोपनीय कागदपत्रे हाताळणाऱ्या सीए किंवा वकिलांनी कॅमेरा कागदांकडे वळणार नाही हे पाहावे. नोकरदारांनी कंपनीच्या नियमांत कामाच्या वेळी बाहेरचा कॉल चालतो का हे विचारून घ्यावे. लिंक सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये. मी ती चूक केली होती, आणि दुसऱ्याच दिवशी तीन जण ‘काय चाललं आहे पाहू’ म्हणून आत आले.

दोघांवरून चौघांवर

जोडी दोन-तीन महिने टिकली की गट करावासा वाटतो. सोबती आजारी पडला किंवा गावाला गेला तरी बैठक होते, हा गटाचा मोठा गुण. ‘मी नसले तरी चालेल’ असे प्रत्येकाला वाटू लागते, हा त्याचा दोष. चार ते सहा माणसांच्या पुढे जाऊ नये, कारण प्रत्येकाने काम सांगायला अर्धे मिनिट घेतले तरी सहा जणांची सुरुवात आणि शेवट मिळून सहा मिनिटे होतात आणि हे सगळे मीटच्या ६० मिनिटांत बसवावे लागते. वेळ पाळणारा एक जण आठवड्यापुरता नेमावा आणि दर सोमवारी बदलावा. येणार नसेल त्याने आदल्या रात्री दहापर्यंत कळवावे. न कळवता दोनदा गैरहजर राहणाऱ्याला न रागावता, पण स्पष्ट विचारावे की वेळ बदलायची आहे की थांबायचे आहे.

हे सगळे वाचूनही पहिला निरोप पाठवताना संकोच होतो, कारण ‘माझ्यासमोर नुसते बसाल का’ असे कोणाला विचारायची आपल्याला सवय नाही. तो असा लिहावा : ‘नमस्कार ताई, माझी काही कामे घरी बसून पुढे सरकत नाहीत. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी ९ ते ९.५० आपण व्हिडिओ कॉलवर आपापले काम करत बसू या का? सुरुवातीला काम सांगायचे, शेवटी किती झाले ते सांगायचे, मध्ये बोलायचे नाही. दोन आठवडे करून पाहू. नाही जमले तर तिथेच थांबू.’ मुदत दोन आठवड्यांचीच लिहावी. कायमचे निमंत्रण स्वीकारायला माणूस बिचकतो, सहा बैठकींना सहसा नाही म्हणत नाही.